जागा

खानापूरच्या कोर्टात पंखा फिरतो,
वारा दुसऱ्याच कुणाला लागतो.
मला पिंजऱ्यात उभं केलं ते मोडी वाचणारा म्हणून.
तालुक्यात आता आम्ही दोघंच,
आणि दुसऱ्याला मोतीबिंदू.

पोस्टात बत्तीस वर्षं शिक्के मारले.
मोडी शिकलो सासऱ्यांकडे,
सुट्टीत बायकोच्या गावी करमत नसे म्हणून.
शपथेवर हेही सांगितलं.
शिरस्तेदारानं लिहून घेतलं नाही.

कागद प्लास्टिकच्या पिशवीत.
सन अठराशे सत्त्याऐंशी. शाई चहासारखी झालेली,
घडीवर वाळवी जेवून गेलेली.
मोडीत आधी रेघ ओढतात,
या कडेपासून त्या कडेपर्यंत,
मग तिला अक्षरं टांगतात, वाळत घातल्यासारखी,
एकाला एक चिकटून.
शब्द कुठं संपला ते वाचणाऱ्यानं ठरवायचं.

मी वाचलं:
सर्वेनंबरएकाहत्तरआकारतीनरुपयेसहाआणेसरकारजमाभरमाजीवलदकल्लोजी

एका दमात. लिहिलंयच तसं.

सरकारी वकील हिरेमठ, माणूस सभ्य,
घसा साफ करून म्हणाले: सरकारजमा. एक शब्द. जमीन जप्त.
म्हणून तर संगणकातल्या पहाणीत
नवव्या रकान्यात मालकाचं नाव: सरकार.
हुंदरे वकील उठले: सरकार, जमा. दोन शब्द.
अहो, सारा भरलाय त्या माणसानं.

जोडून वाचलं तर जमीन सरकारात गेली.
तोडून वाचलं तर
तीन रुपये सहा आणे.

दुभाष्या माझी मराठी कन्नडात नेत होता
ओढ्यातून पोरं पलीकडे नेतात तशी,
या दोघांपाशी आला आणि नुसता उभा राहिला.
सरकार तिकडंही सरकारच,
जमा तिकडंही जमाच.
भाषांतराला काही उरलं नाही
आणि भांडण तेवढंच होतं.

न्यायाधीश बाई तरुण. चष्मा कपाळावर नेला.
"नडुवे जागा इदे एनु?"
मधे जागा आहे का?

मी भिंग काढेपर्यंत
मागच्या बाकावरून यल्लूबाई हलगेकर उठली:
"हाय की वो बाईसाब! चार एकर अकरा गुंठे.
मलप्रभेच्या अंगाला. तांबडी माती, वर भात, खाली भात.
जावा, बघून या. कुठं गेली न्हाई ती."

कुणीतरी हसलं.
पोलिसानं तिला खाली बसवलं,
हात न लावता, नुसतं बोटानं.

मी पाहिलं. र आणि ज यांच्या मधे
तांदळाच्या कणीएवढं कोरं.
कारकुनानं तिथं बोरू उचलला असणार.
शब्द संपला म्हणून? शाई संपली म्हणून?
की कुणी दारातून हाक मारली
आणि त्यानं मान वर केली?
सासरे म्हणायचे, कागदाला विचारावं, कारकुनाला नको.
पण ते कोर्टात कधी उभे राहिले नव्हते.

म्हटलं, फट आहे. कशामुळे, ते कागद सांगत नाही.
"स्वल्प जोरागि हेळ्री."
मोठ्यानं म्हटलं.
टाइप होऊन आलं ते एवढंच:
साक्षीदार म्हणतो, जागा आहे.
दुसरं वाक्य पंख्यात गेलं असेल.
मी सही केली.

तारीख पडली, पावसाळ्यानंतरची.
स्टँडवर यल्लूबाई शेजारी येऊन बसली,
हुंदरेंनी दिलेली झेरॉक्स मांडीवर उलगडून.
तिला ना ही लिपी येते, ना ती, ना माझी.
"पोस्टमास्तर, ह्यात आमचा आजा कुठनं चालू होतोय?"
मी बोट ठेवलं. जमाच्या मा-ला लागूनच.
"एवढासा?"
"एवढाच."
मग सवयीनं मागं सरकलो, र पर्यंत, ज पर्यंत.
झेरॉक्समध्ये फट उमटलीच नव्हती.

ते तिला सांगायचं होतं.
जांबोटीची गाडी लागली,
आणि ती कागद दुमडून,
बरोबर त्याच घडीवर दुमडून,
चढली.